सुरणाचें बीं

सुरणाची लागवड आपल्याकडे नवी नाहीं. गड्ड्याचे डोळे राखून तुकडे करावे, ते शेणकाल्यांत बुडवून सावलींत सुकवावे, मृगाच्या आगेमागें तीन तीन फुटांवर खड्डे घेऊन लावावे, आणि आठ-नऊ महिन्यांनीं पान पिवळें पडून लोळलें म्हणजे गड्डा उकरून काढावा, एवढें शेतकऱ्याच्या घरांतील पोरासही ठाऊक असतें. परंतु सुरणाचें बीं कसें असतें असें विचारलें तर चांगले अनुभवी बागाईतदारही क्षणभर गप्प बसतात. आम्हांसही तें ठाऊक नव्हतें. आम्ही मराठी शाळेंत शिकलेले; पुढें महसुली कारकुनीत तीस वर्षें दुसऱ्यांच्या शेतांतील पिकें कागदावर उतरविण्यांत गेलीं. पीकपाहणीच्या तक्त्यांत सुरण हा शब्द आमच्या हातून अनेक वेळां लिहिला गेला असेल. पण त्या झाडास फूल येतें, फूल फळतें आणि त्या फळांत पेरण्याजोगें बीं असतें, ही गोष्ट आम्ही नोकरींतून मोकळे होऊन पुण्यास गच्चीवर कुंड्या मांडून बसलों तेव्हां शिकलों. तो चार वर्षांचा अनुभव येथें सांगावयाचा आहे.

आरंभ कसा झाला तें आधीं सांगतों. मुळशीकडील घाटमाथ्यावर आमच्या वडिलांची थोडी जमीन होती. तिच्या बांधावर आईनें लावलेलें गांवठी सुरण होतें. तें खाजरें, चिंचेंत उकडल्यावांचून कोणी तोंडांत घालीत नसे. परंतु शिजल्यावर त्याचें पीठ असें सुटे कीं बाजारचें सुरण त्यापुढें पाणचट लागावें. पुढें भाऊबंदांत वाटणी झाली, जमीन विकली गेली, आणि घेणाराने यंत्र लावून बांध सपाट केला. दुसऱ्यांच्या खरेदीचे फेरफार आम्हीं आयुष्यभर नोंदविले. आपल्या घरचा नोंदविला गेला तेव्हां सातबाऱ्यावर नांव बदललें, पण बांधावरच्या सुरणाची नोंद कोणत्याच रकान्यांत नव्हती. यंत्र येण्याच्या आदल्या दिवशीं आम्हीं एक मोठा गड्डा व त्याचीं पांच पिलें गोणत्यांत घालून पुण्यास आणलीं. त्या जातीचें तेवढेंच उरलें होतें.

फूल कधीं येतें

सुरणास फूल येत नाहीं असा समज आहे, त्याचें कारण आपण त्यास येऊंच देत नाहीं. आपण दर वर्षीं गड्डा काढतों, कापतों आणि तुकडे लावतों. फूल येण्यास गड्डा चांगला जून व कित्येक किलो वजनाचा व्हावा लागतो. म्हणून बांधावर, परसांत किंवा आंबराईच्या कडेस जो गड्डा तीन-चार वर्षें विसरला जातो त्यासच फूल दिसतें. पान व फूल एकाच वेळीं वर येत नाहींत. गड्डा उन्हाळाभर निजलेला असतो. वळवाचा पाऊस पडला कीं रोहिणी-मृगांत प्रथम फूल जमिनींतून वर येतें, आणि तें सुकल्यावर पान निघतें. गड्ड्याच्या खळग्यांतील कोंब नुसता सडपातळ असेल तर पान समजावें. जाड, पोटाशीं फुगलेला व गुलाबी झांक असलेला असेल तर फूल समजावें.

ज्यास आपण फूल म्हणतों तें खरें पाहतां एक फूल नव्हे. बाहेर जांभळट रंगाचें, झालरीसारखें दुमडलेलें मोठें आवरण असतें. त्यास वनस्पतिशास्त्रांत महाछद म्हणतात. त्याच्या मध्यभागीं जाड कणीस उभें असतें. कणसाच्या अगदीं बुडाशीं शेंकडों बारीक स्त्रीपुष्पें दाटीनें बसलेलीं असतात. त्यांच्यावर पुंपुष्पांचा पट्टा असतो. आणि सर्वांवर सुरकुतलेला, गड्ड्यासारखा जांभळा शेंडा असतो. आळू, कासाळू, वेखंडाच्या शेजारीं पाणथळींत दिसणारे रानटी आळू, पावसाळ्यांत सह्याद्रीच्या उतारावर फणा काढून उभा राहणारा सापकांदा, हीं सारीं याच घराण्यांतील; सर्वांची मांडणी थोड्याफार फरकानें अशीच.

त्या शेंड्याचें काम फार चमत्कारिक आहे. फूल उमलतें त्या संध्याकाळीं तो आपल्यांतील पिठूळ साठा जाळून ऊब धरतो, आणि त्या उबेवर कुजक्या मांसासारखी दुर्गंधी चोहोंकडे पसरते. याच घराण्यांतील युरोपांतल्या एका झाडाचें फूल हातास गरम लागतें, ही गोष्ट लामार्क नांवाच्या फ्रेंच पंडितानें इ. स. १७७८ मध्यें नमूद केली होती. दुर्गंधी कोणासाठीं? मेलेल्या जनावरावर बसणारे भुंगेरे व माश्या यांच्यासाठीं. ते फसून आंत उतरतात आणि एका फुलाचे पराग दुसऱ्यास पोंचवितात.

पहिल्या वर्षाची फजिती

आम्ही पेठेंतील एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर राहतों. आणलेला गड्डा मोठ्या कुंडींत बसविला, आणि पुढल्याच वर्षीं रोहिण्यांत त्यानें फूल काढलें. उमललें त्या रात्रीं वाड्यांत हाहाकार झाला. खालच्या मजल्यावरील आजींनीं मेलेला उंदीर सांपडेना म्हणून दोन कपाटें ओढून पाहिलीं. सकाळीं आम्हीं गच्चीवर नेऊन आरोपी दाखविला, तेव्हां त्या पदर नाकाशीं धरून म्हणाल्या, "भाऊसाहेब, असलें फूल घरांत कोणी ठेवतं का? कापून टाका, म्हणजे सुटलों!" गांवींही हेंच होत असे. फूल दिसलें कीं कोणी तरी कोयता घेऊन येई. आम्हींही लहानपणीं आईच्या सांगण्यावरून एक-दोन फुलें कापल्याचें आठवतें.

आम्हीं आजींकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पुंपुष्पांतून पिवळसर परागाच्या बारीक शेवया बाहेर पडूं लागल्या. आम्हांस वाटलें, काम सोपें आहे. ब्रशानें ते पराग खालच्या स्त्रीपुष्पांस लाविले आणि फळांची वाट पाहत बसलों. आठवड्यानें सारें कणीस मऊ पडून आडवें झालें. एकही फळ धरलें नाहीं.

चूक कोठें होती तें मागाहून वाचून समजलें. या फुलांत स्त्रीपुष्पें पहिल्या संध्याकाळीं, म्हणजे दुर्गंधी सुटते त्या वेळीं, पराग घेण्यास तयार असतात. पराग मात्र दुसऱ्या दिवशीं सुटतात. तोंपर्यंत स्त्रीपुष्पांची वेळ टळून गेलेली असते. आपले पराग आपणांसच लागूं नयेत म्हणून निसर्गानें हा एका दिवसाचा आडपडदा ठेविला आहे. तात्पर्य, एकट्या फुलापासून बीं धरत नाहीं. एक दिवस आधीं उमललेलें दुसरें फूल तरी पाहिजे, किंवा आधींच्या फुलाचे पराग राखून ठेविलेले तरी पाहिजेत. सापकांद्यानें तर याहून पुढची मजल गांठली आहे. त्याचा कंद लहान असतां तें झाड नर असतें व कंद भरला म्हणजे तेंच झाड मादी होतें. बीं पोसण्यास गांठीं साठा पाहिजे, हा हिशेब त्या कंदास बरोबर कळतो.

जोड जमविणें

दुसऱ्या फुलासाठीं आम्हीं गुलटेकडीच्या मार्केट यार्डांतून गजेंद्र जातीचा एक अखंड मोठा गड्डा निवडून आणला. ही जात आंध्र प्रदेशांतील कोव्वूर येथील. हिला खाज जवळजवळ नसते, अंग गुळगुळीत असतें व पिलें क्वचितच येतात. आमचें गांवठी सुरण खाजरें, खडबडीत व पिलांनीं भरलेलें. या दोहोंचें बीं धरलें तर एकाचा पिठूळपणा व दुसऱ्याचें बिनखाजरेंपण एखाद्या रोपांत एकत्र येईल काय, एवढीच आमची आशा होती. मात्र गांवठी गड्डा फळास लावण्यापूर्वीं त्याचीं पांचही पिलें वेगळ्या कुंड्यांत लावून टाकलीं. प्रयोग करणारानें घरचें बेणें आधीं राखावें आणि मग प्रयोगास हात घालावा, ही सूचना आम्ही मुद्दाम करतों; कारण पुढें काय घडलें तें वाचकांस कळेलच.

पहिल्या वर्षाचें फूल वांझ गेल्यावर त्या गड्ड्यानें एक वर्ष नुसतें पान काढलें व अंग भरून घेतलें. तिसऱ्या उन्हाळ्यांत दोन्ही गड्ड्यांवर जाड कोंब दिसले. गजेंद्राच्या कुंडीस आधीं पाणी दिलें, गांवठी कुंडी सावलींत कोरडी ठेविली. त्यामुळें गजेंद्राचें फूल पांच दिवस आधीं उमललें. पुढील कृति अशी:

दुसऱ्या दिवशीं दुपारनंतर पुंपुष्पांखालीं कोरडा कागद धरून सुटलेले पराग त्यावर झाडून घ्यावे. कांहीं तास सावलींत सुकूं देऊन त्यांची पुडी बांधावी. ती पुडी भाजून थंड केलेल्या तांदळाचे दाणे घातलेल्या झांकणाच्या बरणींत ठेवून बरणी शीतपेटीच्या खालच्या कप्प्यांत ठेवावी. बर्फाच्या कप्प्यांत ठेवूं नये. परागांस ओल लागली कीं ते बुरसतात, मग त्यांचा उपयोग नाहीं.

दुसरें फूल उमलून घाण सुटली कीं त्याच संध्याकाळीं काम उरकावें. आवरणाच्या बुडाशीं धारदार पातीनें तीन बोटें रुंदीची खिडकी कापावी. आंत स्त्रीपुष्पांचे चिकट शेंडे दिसतात. मऊ ब्रश परागांत बुडवून सर्व बाजूंनीं त्या शेंड्यांस हलकेच लावावा. कणीस फिरवितां येत नाहीं, म्हणून मागच्या बाजूसही एक खिडकी कापल्यास सोयीचें पडतें. नंतर खिडकीवर फडकें बांधावें. रात्रीं झोपण्यापूर्वीं एकदां व पहांटे एकदां पुन्हां पराग लावावे. नाकास रुमाल बांधावा, आणि शेजाऱ्यांस आदल्या दिवशींच सांगून ठेवावें. या खेपेस आजींनीं स्वतः वर येऊन कंदील धरला, म्हणजे हातांतील विजेरी धरली; पदर मात्र नाकाशीं होताच.

फळें व त्यांची राखण

फळ धरलें किंवा नाहीं हें दहा-बारा दिवसांत कळतें. नाहीं धरलें तर सबंध कणीस सडून पडतें. धरलें तर वरचा शेंडा व पुंपुष्पांचा पट्टा तेवढा कुजून गळतो, आणि बुडाचा भाग हिरवागार व टणक राहतो. कुजका भाग हातानें काढून टाकावा, नाहीं तर पावसांत कूज खालीं उतरते. मग जमिनीलगत बसलेला देंठ हळूहळू लांब होऊं लागतो. आमच्या कुंडींत तो मृगापासून हस्तापर्यंत दोन फूट वर आला, आणि त्याच्या टोंकाशीं मक्याच्या कणसासारखीं दाटीनें बसलेलीं हिरवीं फळें दिसूं लागलीं. त्या सालीं गड्ड्यानें पान काढलें नाहीं. झाडानें वर्षभराची सारी कमाई या एका कणसांत घातली.

दिवाळीच्या सुमारास फळें पिवळीं होऊन पुढें तांबडीं झालीं. येथें आमची दुसरी चूक झाली. एका सकाळीं पाहतों तों कणसाची एक बाजू मोकळी! बुलबुलांची जोडी कठड्यावर बसून चोंची पुसत होती. रानांत या झाडांचें बीं पांखरेंच दूरवर नेतात. त्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. फळें पिवळीं दिसतांच मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधावी, एवढें आमच्यापासून शिकावें.

उरलेलीं फळें शंभरावर भरलीं. फळांचा गर अतिशय खाजरा असतो, कारण या घराण्यांतील झाडांच्या अंगांत सुयांसारखे टोंकदार बारीक स्फटिक असतात. हातांस खोबरेल लावून किंवा रबरी मोजे घालून फळें पाण्यांत चुरावीं, गर धुवून टाकावा. तळाशीं बीं राहतें. एका फळांत एक, दोन, क्वचित् तीन बिया निघतात.

बीं हातीं आल्यावर आम्हीं वांग्या-मिरचीच्या बियांप्रमाणें अर्धें सुपांत घालून चार दिवस उन्हांत वाळविलें व पुडी बांधून मृगासाठीं ठेविलें. अर्धें त्याच दिवशीं पेरलें. पुडींतील एकही बीं उगवलें नाहीं. सुरणाच्या बियांत धान्याच्या दाण्यासारखी वेगळी शिदोरी नसते. सालीच्या आंत सबंध हिरवा गर्भ, म्हणजे जणूं एक इवलासा कंदच असतो. तो वाळला कीं मेला. याचें बीं कोठीत ठेवावयाचें नव्हे. ताजें असतांच मातींत गेलें पाहिजे.

पेरणी व रोपांची जोपासना

पेरणीसाठीं पोयटा, चाळलेलें जुनें शेणखत व जाड वाळू समभाग घ्यावी. कुंडीस खालीं भोकें मोकळीं असावीं. बीं बोटाच्या एका पेरापेक्षां खोल टाकूं नये. माती ओलसर असावी, चिखल होऊं नये. पुण्याच्या थंडींत उगवण रेंगाळते. आमच्या कुंड्या दक्षिणेकडील खिडकींत उबेला ठेविल्या तेव्हां संक्रांतीनंतर पहिले कोंब दिसले, आणि कांहीं बिया तर वळवाचा पाऊस पडेपर्यंत वर आल्याच नाहींत. म्हणून दोन महिन्यांत कांहीं दिसलें नाहीं तरी कुंडी ओतून टाकूं नये.

रोपास पहिल्या वर्षीं बहुधा एकच पान असतें. इवल्या दांड्यावर तीन भागांचें, छत्रीसारखें. तें पिवळें पडलें म्हणजे रोप मेलें असें समजून पुष्कळ जण तें फेंकून देतात. तें मेलेलें नसतें, निजलेलें असतें. पाणी तोडावें, कुंडी सावलींत ठेवावी आणि पुढल्या वळवापर्यंत हात लावूं नये. पहिल्या वर्षाअखेर कंद सुपारीएवढा झाला, आणि पुढल्या हंगामांत लिंबाएवढा. बियांपासून फुलापर्यंत तीन ते पांच वर्षें लागतात, असा हिशेब धरावा. पावसाळ्यांत दांड्याच्या बुडाशीं पांढरी बुरशी व तींत मोहरीसारखे दाणे दिसले तर तें रोप मातीसकट काढून दूर टाकावें; पाणी सांचूं न देणें हाच त्यावर मोठा उपाय होय.

आतां त्या जुन्या गड्ड्याविषयीं. फळें उतरल्यावर आम्हीं तो उकरून पाहिला. आणला तेव्हां दोन्ही हातांनीं उचलावा लागे. आतां एका तळव्यावर मावला, आणि त्यास एक बाजूनें कूज लागलेली होती. कुजका भाग कापून राख लावून पुन्हां लाविला, परंतु तो वर आला नाहीं. आईच्या हातचा गड्डा असा संपला. त्याचीं पांच पिलें आधीं वेगळीं काढलीं नसतीं तर हा लेख लिहिण्यास आमचा हात धजला नसता. आज पिलें जोमांत आहेत, आणि त्यांच्या शेजारीं बियांचीं एकोणतीस रोपें आहेत.

लवकर शिकावयाचें असल्यास

इतकीं वर्षें थांबण्याची ज्यांची तयारी नाहीं त्यांनीं कॅलेडियमवर हात बसवावा. हें दक्षिण अमेरिकेंतील कंदवर्गीय झाड. रंगीत पानांसाठीं तें आपल्याकडे बागांतून लावतात. फुलाची रीत सुरणासारखीच: पहिल्या संध्याकाळीं कणीस ऊब धरतें व स्त्रीपुष्पें तयार असतात, दुसऱ्या संध्याकाळीं पराग सुटतात. पराग लाविल्यापासून पांच-सहा आठवड्यांत फळें पिकतात. बीं अगदीं बारीक असतें. तें मातींत पुरूं नये, ओल्या मातीवर नुसतें भुरभुरावें व वर कांच ठेवावी. रोपांचीं पहिलीं पानें हिरवींच येतात. रंग मागाहून उमटतो, आणि एका फळांतील दोन रोपांचा रंग सारखा नसतो. फ्रान्सांत आल्फ्रेड ब्लू नांवाच्या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकांत अशाच रीतीनें घरगुती हौसेंतून कित्येक नव्या जाती काढल्या. बीं म्हणजे काय हें एका हंगामांत समजून घ्यावयाचें असेल तर यासारखा गुरु नाहीं.

हा खटाटोप कशासाठीं

कोणी म्हणेल, तुकडा लाविला कीं आठ महिन्यांत गड्डा मिळतो. मग चार वर्षें बियांमागें कां लागावें? उत्तर असें आहे कीं तुकड्यापासून येतें तें नवें झाड नव्हे, जुनेंच झाड पुन्हां येतें. त्याचे गुण येतात तसे त्याचे रोगही येतात. पानांवर चट्टे पाडणारा विषाणु तुकड्याबरोबरच शेतांतून शेतांत जातो. नवा गुण यावयाचा असेल तर तो बियांतूनच येतो. केरळांत तिरुवनंतपुरम् येथें इ. स. १९६३ मध्यें स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेनें श्री आतिरा ही सुरणाची संकरित जात काढली, ती अशीच एका फुलाचे पराग दुसऱ्यास लावून. जपानांत कोंजॅक नांवाच्या सुरणाच्या भावंडाचें पीक घेतात व त्याच्या पिठाचे खाद्यपदार्थ करतात; तेथील शेतकरीही कंदच लावतो, पण नवी जात हवी झाली म्हणजे संशोधकास फुलाकडेच जावें लागतें. अपवाद सांगावयाचा तर इंडोनेशियांत पोरांग म्हणून जी जात लावतात तिला परागांवांचूनही बीं धरतें. परंतु असें बीं आईची नक्कल असतें, त्यांतून नवें कांहीं निघत नाहीं.

या घराण्यांतील सर्वांत प्रचंड फूल सुमात्रा बेटांत होतें. तें इ. स. १८७८ मध्यें बेक्कारी नांवाच्या इटालियन पंडितानें पाहिलें व त्याचें बीं स्वदेशीं धाडलें. त्या बियांपासून झालेलें एक रोप लंडनजवळील क्यू येथील बागेंत गेलें आणि इ. स. १८८९ मध्यें तेथें फुललें. सारें जग पाहावयास लोटलें. पण त्या फुलामागें कोणी तरी एका बियाची दहा वर्षें राखण केली होती.

आपल्या सह्याद्रीचा ठेवाही लहान नाहीं. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे एके काळचे मुख्य थिओडोर कूक यांनीं इ. स. १९०१ ते १९०८ या काळांत मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ रचला, तरीही इ. स. १९९४ मध्यें कोंकणांतील एक रानसुरण नवी जात म्हणून शास्त्रांत दाखल झालें व त्यास कोंकणावरूनच नांव पडलें. याच कुळांतील शेवळें मृगाच्या पावसाबरोबर ठाणें, पालघर, रायगड या जिल्ह्यांच्या बाजारांत जुड्या बांधून येतात. काकडाचीं फळें किंवा चिंच घालून केलेली शेवळांची भाजी ज्यानें खाल्ली तो ती विसरत नाहीं. परंतु जुडींतील प्रत्येक शेवळा म्हणजे न उमललेलें एक फूल आहे. तें खुडल्यानें कंद मरत नाहीं, त्यास पुढें पान येतें, हें खरें. पण बीं मात्र त्या वर्षापुरतें बुडालें. दर वर्षीं दर फूल खुडलें गेलें आणि उतार सपाट होत गेले, तर जुने कंद संपल्यावर त्यांच्या जागीं नवे कोठून येणार? रानोमाळ हिंडून शेवळें आणणाऱ्या भगिनींच्या पोटावर पाय यावा असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यांच्या मालकीच्या जमिनी आहेत त्या आपणांविषयीं आम्ही बोलत आहों. आपल्या वरकस तुकड्यांत, बांधाच्या कडेस शेवळें येत असतील तर चारांतील एक फूल उभें राहूं द्यावें. त्यास ना खत लागतें ना पाणी.

आमच्या रोपांचें पुढें काय झालें असें कोणी विचारील, तर सांगण्यासारखा निकाल अद्याप हातीं नाहीं. एकोणतीस रोपांपैकीं कांहींचे दांडे गजेंद्रासारखे गुळगुळीत आहेत, कांहींचे आमच्या बांधावरच्यासारखे खरखरीत आहेत, आणि कांहीं दोहोंच्या मधले आहेत. कंद अजून लहान आहेत. त्यांतील एकही आम्हीं कापून शिजविलेला नाहीं. कदाचित् सर्व खाजरे निघतील. कदाचित् एखादा आजींच्या तोंडास न खाजतां रुचेल; पहिला तुकडा त्यांस देण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.

शेतकरी बंधूंस आमची विनंति एवढीच. सुरणास फूल आलेलें दिसलें तर कोयता उचलण्यापूर्वीं शेजारपाजारीं आणखी एखादें फूल आहे काय याची चौकशी करावी. असल्यास एका पुडींत त्याचे पराग आणावे. आपल्या बांधावरची जुनी जात कोणत्याही उताऱ्यांत लिहिलेली नसते; ती राखली जाते ती कोणाच्या तरी कुंडींतच.